नव्या धंद्याची पीकपाहणी

शेतकऱ्यानें जमाखर्च लिहावा हा उपदेश नवा नाहीं, व तो योग्यच आहे. परंतु ज्यानें शेतीच्या जोडीस एखादा नवा धंदा नुकताच आरंभिला आहे, त्यास केवळ जमाखर्चाची वही पुरत नाहीं. तिच्या जोडीस दुसरी एक लहानशी नोंद लागते, आणि धंद्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती जमाखर्चाहूनही अधिक उपयोगी पडते, असें आम्हांस अनुभवानें कळून आलें. हा अनुभव नुकसान सोसून आलेला असल्यामुळें तो सांगतांना थोडा संकोच वाटतो. तथापि आमची चूक वाचून दुसऱ्याचे चार माड वांचणार असतील, तर संकोच बाजूस ठेवणें हेंच बरें.

किनाऱ्यावरील जोडधंदा

तारकर्ली हें मालवणच्या दक्षिणेस सुमारें सात किलोमीटरांवर वसलेलें गांव. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि या दोहोंच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी. तीच पट्टी पुढें देवबागेस जाऊन नदीच्या मुखाशीं संपते. येथें माडांची वाडी हाच घराचा खरा आधार. परंतु पिढ्यांगणिक वांटण्या होऊन कित्येक घरांच्या वांट्यास आतां कांहीं गुंठेच उरले आहेत, आणि तेवढ्या माडांवर संसार चालत नाहीं. पूर्वीं अशा घरांतील तरुण मुंबईची वाट धरीत. पुढें १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली, आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं चिपी येथील विमानतळ उघडला. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानें निवास व न्याहारी योजना काढून घरांतील खोल्या पाहुण्यांस देण्याची रीतसर सोय केली; २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरणही आलें. त्यामुळें ज्या अंगणांत पूर्वीं नारळाचीं सोडणें वाळत पडत, त्या अंगणांत आज परगांवच्या मोटारी उभ्या राहतात.

हा धंदा वाईट असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. शेतकऱ्याचा नारळ, कोकम, तांदूळ त्याच्याच दारांत, त्याच्याच पानांत खपावा, यांत वावगें काय आहे? परंतु शेती आणि नवा धंदा यांत एक मोठा भेद आहे, तो ध्यानांत घेतला पाहिजे. शेतीचें वेळापत्रक शेतकऱ्यास करावें लागत नाहीं. तें ऋतूच करून देतात. मृग लागला कीं नांगर बाहेर निघतो, व त्या दिवशीं जो घरांत बसेल त्यास सारा गांव हंसतो. नव्या धंद्यास असा मृग नाहीं. आज पाहुण्याच्या पत्रास उत्तर दिलें नाहीं, आज खोलीची चादर बदलली नाहीं, तर आकाश कांहीं बोलत नाहीं, आणि शेजारीही हंसत नाहीं. चूक होते ती निमूटपणें होते, आणि तिचें फळ दिसूं लागतें तेव्हां हंगाम निघून गेलेला असतो.

जमाखर्च चोख, धंदा मंद

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. शिक्षण मराठी शाळेपुरतेंच. परंतु दफ्तर नीट राखणें हा गुण अंगीं मुरलेला. निवृत्तीनंतर वडिलार्जित वाडींत घराला लागून दोन खोल्या बांधल्या. कांहीं रक्कम निवृत्तीच्या पैशांतून घातली व कांहीं कर्ज काढलें. पहिल्या वर्षीं दिवाळीपासून मे अखेरपर्यंत खोल्या बऱ्यापैकीं भरल्या. खरें पाहतां, शेजारच्या घरांत जागा उरली नाहीं म्हणजे ते आपले पाहुणे आमच्याकडे पाठवीत. परंतु आम्हीं तें आपल्या कर्तबगारीचें फळ मानलें. दुसऱ्या वर्षीं शेजाऱ्यांनीं स्वतःच खोल्या वाढविल्या. आमच्या खोल्या आठवड्याचे चार-चार दिवस रिकाम्या राहूं लागल्या. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस दारांत उभा राही.

आमच्या जमाखर्चांत एका रुपयाची चूक सांपडली नसती. दर रात्रीं जमा, खर्च व शिल्लक मांडून, खालीं रेघ मारून आम्ही निजत असूं. वही सांगत होती कीं, शिल्लक कमी होत आहे. परंतु कां कमी होत आहे, असें विचारलें तर वही मुकी होती. एका रात्रीं आम्ही बेरीज पुनः पुनः तपाशीत बसलों असतां आमच्या कुटुंबानें म्हटलें, “तुमी पैशे किती इले ता लिवतास. काय करूक होया होता नि काय रवला, ता खंय लिवलास?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तीस वर्षें सरकारी वह्या लिहिलेल्या माणसास जें सुचलें नाहीं, तें चुलीपाशीं बसणाऱ्या माणसास सुचलें.

माडाचा धडा

वास्तविक हें आम्हांस माडावरूनच कळावयास हवें होतें. बाणवली जातीचा माड लाविल्यापासून फळावर येण्यास सहा-सात वर्षें लागतात, हें सर्व जाणतात. परंतु फळावर आलेल्या माडाचीही गोष्ट तशीच आहे. पोय उमलल्यापासून नारळ पक्व होण्यास सुमारें बारा महिने लागतात. आणि त्या पोयीचा अंकुर तर त्याच्याही कित्येक महिने आधीं माडाच्या गाभ्यांत धरूं लागलेला असतो. म्हणून यंदा उन्हाळ्यांत आळ्यांना पाणी कमी पडलें, तर यंदाचा पाड फारसा घटत नाहीं. तोटा दिसतो तो पुढल्या वर्षीं व कधीं त्याच्याही पुढल्या वर्षीं. अशा वेळीं जो वाडीवाला केवळ पाडलेले नारळ मोजून वाडीची परीक्षा करतो, तो आजच्या माडाची नव्हे, तर गेल्या सालच्या मेहनतीची परीक्षा करीत असतो. आजची परीक्षा करावयाची तर आज पाणी दिलें कीं नाहीं, खत पडलें कीं नाहीं, शेंड्याकडे मान वर करून पाहिलें कीं नाहीं, हेंच विचारलें पाहिजे.

नव्या धंद्याची जमा ही त्या नारळासारखी आहे. ती उशिरां येते, आणि तिच्यांत दैवाचाही वांटा असतो. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें या किनाऱ्यावरचे माड मोडले, घरांचीं छपरें उडविलीं. त्याच्या आदल्या वर्षीं टाळेबंदीनें पाहुण्यांची वाट बंद केली. हीं संकटें कोणाच्या हातचीं नव्हतीं. जमा घटली म्हणजे आळशी मनुष्य दैवाकडे बोट दाखवितो. जमा वाढली म्हणजे तोच मनुष्य स्वतःकडे दाखवितो. आम्हीं हें दोन्ही केलें आहे. म्हणून जमेच्या वहीशेजारीं कृतीची नोंद हवी. जी गोष्ट सर्वस्वीं आपल्या हातीं होती, ती आज केली कीं नाहीं, एवढेंच त्या नोंदींत असावें.

पांच रेघांचा तक्ता

आम्हीं पुढील रीति धरली. एका मोठ्या कागदावर महिन्याचे एकतीस उभे रकाने पाडले व आडव्या पांच रेघा आंखल्या. एकेका रेघेवर एकेक काम. काम झालें तर त्या दिवसाच्या रकान्यांत फुली, न झालें तर शून्य. रकाना रिकामा ठेवावयाचा नाहीं. कारण रिकाम्या रकान्यास पुढें वाटेल तो अर्थ देतां येतो.

कामें कोणतीं निवडावीं, याची कसोटी आम्हीं त्रिविध ठेविली. पहिली, काम सर्वस्वीं आपल्या हातचें असावें. दुसरी, दिवस मावळतांना तें झालें कीं नाहीं, याचें उत्तर होय किंवा नाहीं अशा एका शब्दांत देतां यावें. तिसरी, तें काम पंधरवडाभर टळलें तर धंद्यास खरोखर इजा पोंचावी. ‘महिन्यास वीस पाहुणे मिळविणें’ हें पहिल्या कसोटीस उतरत नाहीं. ‘पाहुण्यांशीं गोडीनें वागणें’ हें चांगलें खरें, पण दुसऱ्या कसोटीस उतरत नाहीं. कारण आपण आज गोड वागलों असें कोणास वाटत नाहीं? ‘फाटकास रंग देणें’ हें तिसऱ्या कसोटीस उतरत नाहीं. येणेंप्रमाणें गाळतां गाळतां पांच कामें उरलीं, तीं अशीं:

१. आलेल्या प्रत्येक चौकशीस त्याच दिवशीं, दिवेलागणीपूर्वीं उत्तर देणें.

२. पाहुणा खोलींत येण्यापूर्वीं चादर, उशी, न्हाणीघर व पिण्याचें पाणी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें.

३. पूर्वीं राहून गेलेल्या एका तरी पाहुण्याची फोनवरून किंवा पत्रानें विचारपूस करणें.

४. वाडींतील पांच माडांचे शेंडे व बुंधे रोज पाहणें; म्हणजे आठ दिवसांत आमचे चाळीसही माड पाहून होतात.

५. निजण्यापूर्वीं जमाखर्च मांडणें.

पांचांहून अधिक रेघा आंखूं नयेत, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पहिल्या उत्साहांत आम्हीं सतरा कामें लिहिलीं होतीं. सतरा रेघांचा तक्ता तीन दिवस टिकला.

पहिल्या महिन्यानें काय दाखविलें

जानेवारी महिन्यांत हा तक्ता स्वयंपाकघराच्या दाराशीं लाविला. महिना संपल्यावर तो पुढें घेऊन बसलों, आणि जें जमाखर्चानें दोन वर्षांत सांगितलें नव्हतें, तें त्या एका कागदानें सांगितलें.

पहिल्या रेघेवर चौदा शून्यें होतीं. त्यांपैकीं अकरा शून्यें घरांत पाहुणे असलेल्या दिवसांचीं होतीं. याचा अर्थ उघड आहे. घरांत पाहुणे आले कीं आमची धांदल उडे, आणि पुढें येऊं इच्छिणाऱ्यांच्या चौकशा तशाच पडून राहत. पाहुणे गेले म्हणजे आम्ही सवडीनें उत्तरें देत असूं. पण तोंपर्यंत त्या मंडळींनीं दुसरें घर ठरविलेलें असे. भरलेल्या खोलीच्या गडबडींतच पुढील पंधरवड्याची रिकामी खोली तयार होत होती. आम्ही याला मोसमाचा चढउतार समजत होतों.

तिसऱ्या रेघेवर फुल्या सहाच होत्या. ज्यांनीं आमच्या घरीं जेवून ‘पुनः येऊं’ असें म्हटलें, त्यांस आम्हीं त्यानंतर एका शब्दानेंही विचारलें नव्हतें.

परंतु सर्वांत मोठा धक्का चौथ्या रेघेचा. तीवर फुल्या तीन, व बाकीचीं सारीं शून्यें. जन्मभर ज्या वाडीचें खाल्लें, त्या वाडींत महिन्यांत तीन दिवस आम्ही फिरकलों होतों! दुसऱ्याच दिवशीं पाडेल्यास घेऊन सर्व माड तपासले. कित्येक माडांच्या नव्या झावळ्या कात्रीनें कापाव्या तशा त्रिकोणी कातरलेल्या होत्या. ही गेंड्या भुंग्याची खूण. या भुंग्यानें पाडलेल्या जखमांत सोंड्या भुंगा अंडीं घालतो, व त्याच्या अळ्या माडाचा गाभा आंतून पोखरतात. तसें झालेले चार माड आढळले. त्यांच्या खोडांतून तांबूस रस गळत होता, व दोहोंचे शेंडे तर कलूं लागले होते. ते चारही पाडून जाळावे लागले. त्यांतील दोन माड वडिलांनीं आमच्या जन्मापूर्वीं लाविलेले होते.

भुंगा आला कोठून? गेंड्या भुंगा कुजलेल्या शेणखतांत व कचऱ्यांत वाढतो. नव्या खोल्यांच्या मागें पाहुण्यांच्या पानांतील उष्टें, शेण व केरकचरा यांचा ढीग आम्हींच वर्षभर सांठविला होता. नव्या धंद्याच्या उकिरड्यानें जुना धंदा खाल्ला. ढीग उपसून अळ्या वेंचून मारल्या, तारेच्या आंकड्यानें माडांच्या गाभ्यांतले भुंगे काढले, आणि पुढें कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानें इलाज केला, तेव्हां बाकीचे छत्तीस माड राहिले.

चावडींत बसून केलेली पाहणी

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती याहून कमीपणाची आहे.

सात-बाराच्या उताऱ्यावर पिकांची जी नोंद असते, ती शेतावर प्रत्यक्ष जाऊन करावयाची असा नियम. परंतु शेतावर न जातां चावडींत बसून मागील वर्षाचेंच पीक यंदा उतरून काढण्याचा मोह कोणास होत नसे असें नाहीं. नोकरींत असतांना आम्हीं एका गांवची अशी वही पाहिली होती. वहींत भात उभें होतें, आणि जमिनींत दोन वर्षांमागें लाविलेलीं काजूचीं कलमें उभीं होतीं. ज्याची जमीन, त्यास पुढें त्या नोंदीमुळें पुष्कळ खेटे घालावे लागले. असें होऊं नये म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तींत शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र फोनवरून पाठवावयाचें असतें. नोंद जागेवर, त्याच वेळीं, व ज्याचें काम त्याच्याच हातची असावी, हें त्यांतलें तत्त्व.

हें तत्त्व आम्ही इतरांस सांगत आलों. आणि मार्च महिन्यांत काय झालें? पुण्याचें एक कुटुंब तीन रात्रींसाठीं आलें. दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यांनीं तिन्ही रात्रींचे पैसे पुढें ठेवले, व कांहीं कामामुळें निघावें लागतें असें म्हणून ते गेले. तक्रार केली नाहीं, चढा शब्द काढला नाहीं. मागाहून खोली झाडतांना उशीखालीं आधींच्या पाहुण्याचा मळका रुमाल सांपडला, आणि चादरही तीच जुनी होती. आम्ही तक्त्याकडे गेलों. त्या दिवशीं दुसऱ्या रेघेवर स्पष्ट फुली होती, आणि ती आमच्याच हातची होती. त्या दिवशीं आम्हीं ओटीवर बसल्या बसल्या ‘खोली झालीच असेल’ असें मनाशीं म्हणून ती फुली मारली होती.

दुसऱ्याच्या खोट्या नोंदीवर आयुष्यभर शेरे मारलेल्या माणसानें स्वतःच्या घरांत, स्वतःच्याच धंद्याची पाहणी चावडींत बसून केली. त्या कुटुंबास दोन रात्रींचे पैसे आम्हीं त्याच दिवशीं परत पाठविले व चूक कबूल केली. तेव्हांपासून दुसऱ्या रेघेचा कागद वेगळा करून तो खोलीच्या दाराच्या आंतल्या बाजूस लाविला आहे. खोलींत गेल्यावांचून फुली मारतांच येत नाहीं. आणि नुसत्या फुलीऐवजीं, ज्यानें काम केलें त्यानें आपल्या नांवाचें आद्याक्षर लिहावें, असा नियम केला.

आद्याक्षरांच्या या नियमानें आणखी एक गोष्ट उघडकीस आणिली. पांच रेघांपैकीं तीन रेघांवर बहुतेक दिवस आमच्या कुटुंबाचेंच अक्षर येऊं लागलें. धंदा आमचा, असें आम्ही चारचौघांत म्हणत होतों. तक्ता मात्र कांहीं निराळें म्हणत होता. दफ्तरीं नांव लागलें नाहीं, तर वहिवाट असूनही हक्क राहत नाहीं, हें कारकुनास कोणीं शिकवावें? आतां दर महिन्याच्या नफ्याचा अर्धा भाग तिच्या नांवच्या बँकेंतील खात्यांत जमा होतो.

ही युक्ति जुनी आहे

रोजच्या कृतीची अशी नोंद ठेवणें हा आमचा शोध नव्हे. अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँक्लिन यानें १७२८ सालीं फिलाडेल्फिया शहरांत स्वतःचा छापखाना काढला, त्या सुमारास त्यानें अशीच एक लहान वही केल्याचें त्याच्या आत्मचरित्रांत आहे. तेरा सद्गुणांच्या तेरा आडव्या रेघा, आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने; ज्या दिवशीं ज्या गुणांत चूक झाली, तेथें काळा ठिपका. एका आठवड्यांत एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें. म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरा, व वर्षांत चार फेरे. आपल्यांत इतके दोष असतील अशी आपली कल्पना नव्हती, आणि व्यवस्थितपणा हा गुण आपणांस अखेरपर्यंत साधला नाहीं, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें आहे. अर्वाचीन संशोधनही याच दिशेचें आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ जणांच्या रोजच्या सवयींची पाहणी करून ती २००९ सालीं प्रसिद्ध केली. नवें काम अंगवळणीं पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात, कोणास १८ दिवस पुरतात तर कोणास २५४ लागावे असा अंदाज निघतो. आणि मध्यें एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असें त्यांत दिसून आलें. म्हणून आठ दिवसांत सवय जडली नाहीं तर कोणीं खट्टू होऊं नये.

इतर धंद्यांस हीच रीति

ज्यांच्याकडे पाहुण्यांचा धंदा नाहीं, त्यांनींही ही रीति आपल्या कामास लावून पाहावी. सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि अनेक घरांनीं आगळ, आमसुलें व सरबत यांचा धंदा आरंभिला आहे. तेथें रेघा निराळ्या असतील: पिकलेलें फळ पाऊस पडण्यापूर्वीं त्याच दिवशीं उतरविलें काय, आमसुलांस रसाचें पूट देऊन तीं उन्हांत उलटलीं काय, मीठ अंदाजानें न टाकतां वजन करून टाकलें काय, प्रत्येक बाटलीवर भरल्याची तारीख घातली काय. काम वर्षांतून थोडेच आठवडे चालतें, म्हणून एकेक दिवसाची किंमत अधिक.

ज्यांनीं पर्यटकांस समुद्रांत नेण्याच्या होड्या घातल्या आहेत, त्यांच्या तक्त्याचें महत्त्व तर पैशांत मोजतां येणार नाहीं. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची होडी उलटून दोघांना जीव गमवावा लागला. त्या प्रसंगाची चिकित्सा करणें आमचें काम नव्हे. परंतु किनारा सोडण्यापूर्वीं माणसें मोजलीं, प्रत्येकाच्या अंगांत तरंगण्याचें जाकीट बांधलें, आणि वारा पाहिला, या तीन रेघा होडी हांकणाऱ्यानें होडीशीं उभें राहूनच भराव्या, एवढें कोणीही म्हणेल.

पावसाळ्यांत तक्ता बदलावा लागतो, हेंही सांगितलें पाहिजे. जून लागला कीं समुद्र खवळतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, व पाहुणे थोडे. त्या दिवसांत जुन्याच रेघा ठेविल्या तर सारीं शून्यें पडतात व हात सुटतो. आम्ही पावसाळ्यासाठीं दुसरा तक्ता आंखतों: माडांस खत, आळ्यांतील तुंबलेलें पाणी काढणें, खोल्यांची गळती पाहणें, गाद्यांस वारा देणें, आणि जुन्या पाहुण्यांची विचारपूस. शेवटची रेघ बाराही महिने तशीच राहते.

शंका व उत्तरें

‘एवढा वेळ कोणास आहे?’ असें कोणी म्हणेल. पांच फुल्या मारण्यास एक मिनिट लागतें. वेळ लागतो तो काम करण्यास; आणि तें काम तर करावयाचेंच होतें.

‘फोनमध्यें नोंद ठेविली तर चालेल काय?’ चालेल. परंतु फोन एकाच्या खिशांत असतो. भिंतीवरचा कागद घरांतील सर्वांस दिसतो, व लहान मूलही विचारतें कीं, आज येथें शून्य कां?

‘एखादा दिवस चुकला तर?’ शून्य घालावें आणि पुढें जावें. लागोपाठ दोन शून्यें पडूं देऊं नयेत. मात्र मागील दिवसाची फुली दुसऱ्या दिवशीं कधींही भरूं नये. शून्यांनीं भरलेला खरा तक्ता उपयोगी पडतो. फुल्यांनीं भरलेला खोटा तक्ता घात करतो, तो कसा, हें वर आलेंच आहे.

‘तक्ता पाहावयाचा केव्हां?’ आठवडे बाजाराच्या दिवशीं, घरांतील सर्वांनीं मिळून, पाव तास. ज्या रेघेवर शून्यें अधिक, ती एकच रेघ पुढील आठवड्यासाठीं धरावी, व शून्यें कोणत्या वारीं आणि कोणत्या गडबडींत पडतात तें पाहावें. पहिल्या रेघेचीं आमचीं शून्यें पाहुण्यांच्या दिवसांत पडत, हें दिसल्यावर आम्हीं एवढेंच केलें कीं, दुपारचीं पानें उठल्यावर अर्धा तास मुलानें चौकशांस उत्तरें देत बसावें, व त्या वेळीं त्यास कोणीं दुसरें काम सांगूं नये.

तिसऱ्या मोसमांत आमच्या खोल्या भरून वाहिल्या असें नाहीं. परंतु कर्जाचा एकही हप्ता चुकला नाहीं, आणि आलेल्या पाहुण्यांत सुमारें तिसरा हिस्सा पूर्वीं येऊन गेलेल्यांचा किंवा त्यांनीं पाठविलेल्यांचा होता. ते पुण्याचें कुटुंब मात्र पुनः आलें नाहीं. जे चार माड गेले, त्यांच्या जागीं चार रोपें लाविलीं आहेत. त्यांस फळ धरेपर्यंत सहा-सात पावसाळे जातील. तोंपर्यंत चौथ्या रेघेवर त्यांचीही पाळी दर आठ दिवसांनीं येत राहील.

ज्या वाचकांनीं नवा जोडधंदा आरंभिला असेल, त्यांनीं येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून असा तक्ता लावून पाहावा, आणि महिना संपल्यावर त्याची नक्कल संपादकांकडे पाठवावी. कोणतीं पांच कामें निवडलीं व कोणत्या दिवशीं शून्यें पडलीं, हें दोन्ही कळवावें. फुल्यांचें कौतुक घरीं होईलच. एकमेकांच्या शून्यांवरून आम्हां सर्वांस शिकतां येईल.